फ्लापीच्या डोळ्यातलं कुंकू

हे मी आजवर कुनाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, मायला न्हाई. देवाला तर न्हाईच — त्याला काय सांगायचं, त्याच्याच नावानं झालं सगळं. तुमाला सांगायले, कारन तुमी मला वळखत न्हाई आन् मी तुमाला वळखत न्हाई. मदीच अडकले तर थांबा जरा. मला दम लागतो. बोलतानी लागतो, आता लिहितानी बी लागायलाय. सातवी नापास हाय मी, चुकलं-माकलं समजून वाचा.

कुठून सुरू करू? माज्यापासून करावं, पर ते जमंना. आधी त्या साहेबापासून करते — पुण्याच्या. त्याला नावं ठिवाया सोपं जातंय.

तर पुण्याहून एक साहेब आलता परभणीच्या कोर्टात. कॉम्प्युटरचा तज्ज्ञ. हा शबुद मी तव्हाच पहिल्यांदा ऐकला. सरकारी वकील तो असा म्हनायचा जसा काय तोंडात पेढा हाय. जज्ज साहेबानं पंखा त्याच्याकडं वळवायला लावला. आमी साक्षीदार भाईर बाकड्यावर सकाळपासून घाम पुसायलो, आमचं कुनाला काय! खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. त्या साहेबाला कायबी इचारा — उत्तर तयार. 'शंभर टक्के' म्हनायचा. 'शंका घ्यायला जागाच नाही' म्हनायचा. आवो, शंका घ्यायला आख्खी जागा होती की! ती जागा खिडकीच्या भाईर, मांडीवर लेकरू घेऊन बसली होती.

त्या खोलीत झाडू कोन मारतंय, एवढं जरी त्यानं इचारलं असतं — पर झाडूचं इचारलं तर मंग तज्ज्ञ कशाचा?

ऱ्हाऊ द्या. त्याच्या मागं मी लपायले, मला कळतंय. गिरणीचं सांगते.

आमच्या भागात एक सूतगिरणी हाय. नाव घेत न्हाई, आजबी माजी चूल तिच्यावरच पेटती. तिथं मी झाडू-पोछ्याला लागले तव्हा राणी, माजी लेक, अंगावर पीत होती. नवरा दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निगायचा, गंगाखेडच्या अंगाला न्हाईतर पार पश्चिमेकडं. लगीन झाल्या झाल्या मीबी एक खेप गेले त्याच्या संगं. तिथं पाचटावर बाळंत झालेली बाई बगितली मी. दुसऱ्या दिशी ती मोळी डोक्यावर घेऊन चालली होती. तव्हाच ठरवलं — लेकरू घेऊन फडात जायचं न्हाई, काय वाट्टेल ते झालं तरी. गिरणीची नोकरी गेली की कोयता, एवढंच माज्या डोस्क्यात फिरायचं. हे सबब म्हनून सांगत न्हाई. माज्यासारख्या अजून धा जनी होत्या, त्या काय अशा वागल्या न्हाईत.

गिरणीत चेरमन साहेबानं कॉम्प्युटर आनला. आन् त्याचा काय थाट! थंड हवेची खोली, खिडक्यांना पडदे, दारावर पाटी — चपला बाहेर काढा. आमच्या गावच्या देवळात लोक चपला घालून पायरीपतूर जायचे, पर या खोलीत न्हाई. चेरमनचे पाव्हने बघाया यायचे, उंबऱ्याशी हात जोडायचे, आन् भाईर आले की आमाला अडानी म्हनायचे.

तो चालवायला मिलिंद सर होते. औरंगाबादला शिकून आलेले, पर आमच्याच भागातले, बौद्धवाड्यातले. दिवस नामांतराचे. इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का न्हाई, ह्याच्यावरून गावोगाव दोन तट पडलेले. पानाच्या टपरीवर बी कोन हाय ते बघून लोक बोलायचे. मिलिंद सर मोर्च्याला गेलते आन् खिशाला निळा बिल्ला लावून कामावर यायचे. चेरमनला ते खुपायचं. त्यांच्याबिगर मशीन चालत न्हाई म्हनून गप होता. चहाचा कप मातर त्यांचा येगळा. मीच धुवायचे. येगळाच धुवायचे, येगळा पालथा घालायचे — हेबी सांगून टाकते, लगोलग.

आन् हा मानूस कसा? उन्हाळ्यात एकदा राणी व्हरांड्यात घामोळ्यानं रडायलती. मिलिंद सर भाईर आले, म्हनले, "सुमनबाई, बाळाला आत आणा. इथं मशीनला गार लागतं, माणसाला लागत नाही का?"

"सर, चेरमन साहेब बगतील."

"मशीनचे लाड करतात ना ते? सांगू, मशीनचं लेकरू आहे."

मी हसले. तव्हापसून राणी दुपारची कॉम्प्युटरच्या टेबलाखाली झोपायची, माज्या जुन्या लुगड्याच्या घडीवर. कुनाला म्हाईत न्हवतं. त्यांना आन् मला.

मंग गिरणीत भरती निगाली. पोरा-पोरींची परीक्षा झाली. मार्क मिलिंद सरांनी कॉम्प्युटरमदी घातले आन् पेपर गेले रद्दीत. चेरमनच म्हनला, आता कॉम्प्युटर हाय, कागदाचा उकिरडा कशाला सांभाळायचा? मोठा हुशार मानूस!

ते मार्क फ्लापीत होते. फ्लापी म्हंजे काळी, चौकोनी, पापडावानी पातळ. तिला मदी एक लांबट फट असती, त्यातून आतली तपकिरी चकती चकाकती. मी त्या फटीला डोळा म्हनायचे. एक फ्लापी खरी आन् एक तिची जोडीदारीन, म्हंजे एक बिघडली तर दुसरी कामाला यावी. मिलिंद सर दोनीबी कागदाच्या पाकिटात घालून ठिवायचे. डोळ्याला बोट लावायचे न्हाईत. मला बी सांगितलेलं, "पुसताना याला हात लावू नका बरं." सांगितलं होतं त्यांनी. मला म्हाईत न्हवतं असं म्हनायची सोय न्हाई मला.

खंडेनवमी आली. गिरणीत सगळ्या मशीनींची पूजा. सूत काढायच्या चात्यांना झेंडू, वजनकाट्याला झेंडू, चेरमनच्या गाडीला तर नवरदेवावानी हार. भटजी ताट घेऊन कॉम्प्युटरच्या दारापतूर आला. मिलिंद सर दारातच उभे.

"गुरुजी, आत पाणी-कुंकू नको. खराब होतं ते."

मागून कुनीतरी बोललं, "त्यास्नी कुठं चालतंय कुंकू!"

हशा पिकला. मीबी हसले. चेरमन म्हनला ऱ्हाऊ द्या, पर तोंड वाकडं करूनच.

त्या दिशी राणीला ताप होता, सरांनीबी कपाळाला हात लावून बगितला होता. अंग तव्यावानी. आन् माज्या मनात एकच घोळायलं — एवढ्या मशीनी पुजल्या, ही एकटीच उपाशी ऱ्हायली. आन् हिच्याच पायाशी माजं लेकरू झोपतंय. ही रुसली तर कुनावर काढनार? मिलिंद सरांचं काय, ते मानतच न्हाईत. जो मानत न्हाई त्याला लागत न्हाई, जो मानतो त्याच्याच लेकराला लागतं — असं मला वाटायचं. हसा. हसायसारखंच हाय.

सर डबा खायला गेले. भटजीचं ताट व्हरांड्यात पडलेलं, ते उचललं. चपला काढल्या. आत गेले. टीव्हीसारखं जे असतंय त्याला लावलं, बटनांच्या पाटीला लावलं. मंग पाकिटातून फ्लाप्या काढल्या. कुठं लावावं? मूर्तीला कपाळ असतंय, गाईला कपाळ असतंय. हिला काय — डोळा. बोट पान्यात बुडवलं, हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता. एकीला लावलं. आन् मंग दुसरीलाबी. एकीला लावून दुसरीला कोरडी ठिवायची, असं कुठं असतंय का? सवाशिनीला कुंकू लावतानी आपन एकीला टाळतो का? दोघींना लावलं. मन लावून, नेमकं मधोमध.

तेवढ्यात पावलं वाजली. मी पदरानं पुसलं. खसाखसा पुसलं. पाकिटात घातल्या, टीव्हीवानी ते आन् बटनांची पाटी पुसली, भाईर आले. पावलं दुसऱ्याच कुनाची होती.

रातीतून राणीचा ताप उतरला. मला वाटलं, पावली.

दसऱ्याची सुट्टी झाली आन् मिलिंद सरांनी फ्लापी मशीनमदी घातली. मशीन घरघर करायलं, दाढ दुखल्यावानी. काढली, परत घातली. मंग दुसरी घातली. तीबी तशीच. त्यांचं तोंड मी दारातून बगितलं — कधी न्हाई ते घाबरलेलं. ते टेबलावर वाकले आन् बोटाच्या टोकावर एक तांदळाचा दाना उचलला. पिवळा. त्याच्याकडं बगितलं, माज्याकडं बगितलं.

हळूच म्हनले, "सुमनबाई, तुम्ही आत काही... रागावणार नाही मी. फक्त सांगा. कशानं झालं ते कळलं तर काहीतरी करता येईल."

रागावनार न्हवते. खरंच रागावले नसते. आन् मी काय म्हनले? राणी कडेवर होती. तिच्या डोक्यावर हात ठिवला आन् म्हनले, "न्हाई सर. लेकराची शपथ."

त्यांनी परत इचारलं न्हाई. लेकराची शपथ खोटी घेनारी बाई असती, हे त्यांच्या डोस्क्यातच आलं नसंल. एवढा शिकलेला मानूस!

पुढचं भरभर झालं. चेरमननं पोलिसात दिलं. म्हनला, ह्यांच्या लोकांची नावं खाली आली म्हनून ह्यानं मार्क पुसले. खरं उलटं होतं. मिलिंद सर एकदा सहज बोलून गेलते, चेरमनचा भाचा पार तळाला हाय म्हनून. भरती नव्यानं झाली. परीक्षा न्हाई, मार्क न्हाई, चेरमनच्या बंगल्यावर चहा पिऊन झाली. भाचा आता साहेब हाय. माज्या कुंकवानं त्याचं भलं झालं. अशी पावली बगा मशीन.

मंग तो तज्ज्ञ आला, तपासाला. बूट घालून खोलीत गेला. पाटी आमच्यासाठी, त्याच्यासाठी न्हाई. मी चहा घेऊन गेले. एका हातात कप, दुसऱ्या हातात फ्लापी, आन् अंगठा — डोळ्यावरच! मिलिंद सर असते तर वरडले असते. भिंग लावून बगितलं, म्हनला, "तांबडा पदार्थ. रासायनिक दिसतो." माज्या कपाळाला टिकली न्हवती, कुंकू होतं, रुपयाएवढं. त्याच्या हातभर अंतरावर. तेवढ्या भिंगातून त्याला तेवढं दिसलं न्हाई.

कोर्टाची तारीख लागली तव्हा अजून एक दसरा होऊन गेलता. आता बगा तुमी. कोर्टाच्या आवारात जेवढ्या गाड्या, तेवढ्यांना सुकलेला झेंडू. जज्ज साहेबाच्या गाडीच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक. जो बाबू सगळ्यांची जबानी टाइप करत होता, त्याच्या मशीनवर हळदी-कुंकवाची बोटं, ताजी. त्या मशीनवर टकटक करून लिहून घेतलं की ह्या फ्लापीवर रासायनिक पदार्थ हाय!

तज्ज्ञ साहेब म्हनला, "अपघात असता तर एकच फ्लॉपी खराब झाली असती. इथे मूळ आणि प्रत, दोन्ही. एकाच जागी. सामान्य माणसाला ती जागा माहीतही नसते. हे जाणकाराने, हेतुपुरस्सर केलेलं काम आहे. शंभर टक्के."

चुकलं काय त्याचं? सांगा. मुद्दामच केलं होतं. जागा धुंडूनच केलं होतं. दोघींना सारखंच केलं होतं. त्याची समदी वाट बरोबर आन् पोचला मिलिंद सरांच्या दारात. असल्या हुशारीवर मी थुकते — आन् थुकतानी माज्याच अंगावर पडतं, त्याला काय करू?

मिलिंद सरांचा वकील नवखा होता, कोट ढगळा. त्यानं इचारलं, "साहेब, हे कुंकू असू शकतं का?"

तज्ज्ञ हसला. "कॉम्प्युटरला कुंकू? माझ्या आख्ख्या अनुभवात पाहिलं नाही."

सरकारी वकील उठला. "म्हणजे आमच्या आया-बहिणींच्या कुंकवावर ढकलायचं आता? यांना कुंकू नको, देव नको, आणि गुन्हा मात्र कुंकवाचा?"

कोर्टात गलका झाला. माज्या बाकड्यावरचे बी मान डोलवायले. त्या नवख्या वकिलाचं तेवढंच एक खरं वाक्य त्या दिशी बोललं गेलं, आन् त्याचीच शिवी झाली.

मंग मला पुकारलं. राणीला बाकड्यावरच्या एका बाईकडं दिलं. शपथ घ्या म्हनले, घेतली. शपथंचं मला काय, मी लेकरावर घेऊन बसलेली. सरकारी वकिलानं इचारलं, खोलीत कोन जायचं? मी म्हनले, एकटे सर. मी दारापतूरच. लेकराचं इचारलंच न्हाई कुनी, मी सांगितलं न्हाई.

मंग तो ढगळ्या कोटाचा. उठून म्होरं आला. "बाई, खंडेनवमीला तुम्ही कॉम्प्युटरची पूजा केली का? घाबरू नका. पूजा करणं काही गुन्हा नाही."

दार उघडंच होतं. एवढं रुंद दार मला कुनी कधी उघडून दिलं न्हाई. मिलिंद सर पिंजऱ्यात उभे. ते माज्याकडं बघत न्हवते, खाली बघत होते, म्हंजे मला बोलाया सोपं जावं. चेरमन पहिल्या बाकावर. मला फडातलं पाचट दिसलं, ती बाई दिसली. आन् अजून एक सांगते — नुसतं भ्याव न्हवतं ते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांत ह्या मानसाच्या बाजूनं मी कशाला होऊ? ह्याचा कप मी येगळा धुते.

मी पदर सावरला आन् म्हनले, "आवो साहेब, मशीनला कुंकू लावाया ते काय माजं मालक हाय का?"

कोर्ट हसलं. जज्ज साहेब हसले. पुण्याचा साहेब सगळ्यात मोठ्यानं हसला, मान हलवून माज्याकडं बोट केलं, जसं काय मी त्याचीच इद्यार्थिनी. मला — हेच ते, हितंच अडकायले मी — मला बरं वाटलं. जल्मात पहिल्यांदा मोठी मानसं माज्या बोलन्यावर हसली होती. छाती फुगली माजी. मी मिलिंद सरांकडं बगितलंबी, त्यांनी ऐकलं का म्हनून.

ऐकलं होतं. ते पहिल्यांदाच वर बघायले होते. राग न्हवता. नवलानं बघायले, जसं मशीनमदी कायतरी बिघडलं आन् कुठं ते सापडंना.

जज्ज साहेबानं निकालात लिहिलं म्हनं, तज्ज्ञाचं मत पक्कं, आन् एक अडानी बाईबी तेच सांगती. त्याच्या शंभर टक्क्याला माज्या अडानीपनाचा टेकू लागला. आमी दोघांनी मिळून मिलिंद सरांना सजा केली.

त्या साहेबाला तरी ठाव न्हवतं. मला ठाव होतं. तव्हा त्याला मी हलका म्हनते, तर मी कोन?

परवाच्या साली मिलिंद सर दिसले, परभणीच्या टेसनात. केस पिकलेले, या वयात. हातात कसली तरी पिशवी. इद्यापीठाचं नाव झालं होतं तव्हा, टेसनात निळे झेंडे घेऊन लोक गाडीतून उतरायलते. त्यांच्या खिशाला बिल्ला न्हवता. मी त्वांड फिरवलं, पर राणी समोरच उभी. आता साळंत जाती ती. ते वाकले, तिला नाव इचारलं. तिनं सांगितलं.

मंग माज्याकडं बघून म्हनले, "अजून ताप येतो का हिला?"

टोमना न्हवता. मी लय शोधला त्यात टोमना, आजबी शोधते. तव्हा तरी बोलायचं होतं. आता काय नोकरी जात होती, का कोयता येत होता? टेसनात कुनाला काय पडली होती? मी म्हनले, "न्हाई सर." आन् राणीला वढत गाडीत चढले.

गिरणीत नवा कॉम्प्युटर हाय. खंडेनवमीला चेरमन स्वोता नारळ फोडतो त्याच्यापुढं, मागं एकदा पूजा टाळली म्हनून इपरीत झालं, असं सगळ्यांना सांगतो. भाचा हात जोडून उभा असतो. ताट माज्या हातात देत्यात. मला म्हाईत हाय आता, कुंकू वरच्या झाकनाला लावायचं, डोळ्याला न्हाई. मी बोट बुडवते, लावते, आन् सगळ्यांबरोबर पाया पडते.